कोमट बॉनेट

सौरभ खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायचं काम करतो. नववीनंतर शाळा सुटली, दोन-चार ठिकाणी हाताखाली राबून झालं, आणि शेवटी हे काम हाती लागलं ते कायमचंच. या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणून त्याला ते आवडतं. माप घ्यायचं, जाळी कापायची, पट्टी चिकटवायची आणि निघायचं. बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होतात आणि समोरचा आपल्याला हसतोय असं त्याला उगाच वाटत राहतं.

त्या दिवशीही तो जाळीच्याच कामाला कर्वेनगरला गेला होता. डिसेंबरातली दुपार. जुनी, बुटकी सोसायटी, जिन्यात गार सावली. पहिल्या मजल्यावर श्यामलाकाकू एकट्या राहत. त्यांच्या स्वयंपाकघराची फाटकी जाळी काढताना त्याचं लक्ष खाली गेलं. पार्किंगच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीवर एक जुनी निळी गाडी उभी होती. मागच्या काचेवर कागद चिकटवला होता, 'विकणे आहे'. तो बघतच राहिला.

"जाळी खिडकीला लावायची आहे, गाडीला नाही," मागून काकू म्हणाल्या.

सौरभचे कान लाल झाले. तरी त्याने धीर करून विचारलं, "काकू, ती गाडी... कोणाची आहे?"

"माझी. दुसऱ्याची विकायची मला अजून सवय लागलेली नाही. तुम्हाला कशाला हवी?"

परक्या माणसाला घरातलं सांगायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर गेले दोन महिने त्याच्या घशात अडकून बसलं होतं. त्याने सांगून टाकलं.

दिवाळीत त्याच्या मुलीला, मैत्रीला, पहाटे दम्याचा झटका आला होता. पोर नुकतीच पहिलीत गेलेली. हडपसरच्या पलीकडे, मांजरी गावात, नव्या इमारतीत त्यांचं छोटं घर आहे; भोवती निम्म्या इमारती, निम्मा ऊस. फटाक्यांचा धूर रात्रभर जमिनीलगत बसून राहिला होता. फोनवरून गाडी बोलवावी तर ती येते म्हणे आणि परत रद्द होई. रिक्षा त्या वेळी मांजरीत औषधालाही मिळत नाही. शेवटी शेफालीने, त्याच्या बायकोने, पोरीला शालीत गुंडाळलं, त्याने स्कूटर काढली, आणि दोघांच्या मध्ये तिला धरून ते हडपसरला निघाले. गार वारा सरळ पोरीच्या तोंडावर येत होता. शेफाली मागून एकच सांगत होती, "घेतेय श्वास... घेतेय अजून... चला तुम्ही." पोचले तेव्हा मैत्रीचे ओठ निळे झाले होते. पोर वाचली. पण डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा उशीर चालणार नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पहाटे चालू झाली पाहिजे."

"हो. बाकी कशीही असली तरी चालेल."

"मग घाई करू नका. नीट बघा, माणूस आणून दाखवा. आणि ती खिडकी तेवढी आज बंद होईल असं बघा."

कात्रजला सौरभचा मित्र चेतन गाड्या दुरुस्त करतो. शाळेपासूनची ओळख. एकाच बाकावरून दोघांनी शाळा सोडलेली. त्याला सांगितल्यावर तो हात पुसत म्हणाला, "सौऱ्या, जुनी गाडी पोरगी बघायला गेल्यासारखी बघायची नाही. चहा-पोहे ठरवून गेलास की सगळे पावडर लावून बसतात. न सांगता जायचं. पहाटे जायचं."

"पहाटे कशाला?"

"थंड इंजिन खोटं बोलत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा चालू होते ना, तेव्हा तिचे सगळे रोग बाहेर पडतात. खोकते, धूर सोडते, खडखडते. विकणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून तो तू यायच्या आधी गुपचूप चालू करून तापवून ठेवतो. तापली की म्हातारी पण नाचते. त्यामुळे गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गार असेल तर पुढे बोलायचं. गरम असेल तर नमस्कार करून निघायचं."

सौरभने हे पक्कं लक्षात ठेवलं. दोन दिवसांनी तो अंधार असतानाच मांजरीहून निघाला. कर्वेनगरला पोचला तेव्हा दूधवाला गेटमधून बाहेर पडत होता. थंडी अशी की हनुवटी बधिर झालेली. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांवर दव पडून काचा पांढऱ्या झाल्या होत्या. तो निळ्या गाडीजवळ गेला, हातमोजा काढला आणि बॉनेटवर हात ठेवला.

त्याने तो झटकन मागे घेतला.

गरम होतं. भाजण्याइतकं नाही, नुकतंच कोणी भांडं चुलीवरून उतरवून ठेवावं, तसं. त्याने पुन्हा हात ठेवला. आतून बारीक आवाज येत होता... टक्... टक्... तापलेलं लोखंड निवताना करतं तसा. आणि वास. गरम ऑइलचा, धुळीचा.

"चोरायची असेल तर चावी वर आहे," वरून आवाज आला. काकू शाल पांघरून गॅलरीत उभ्या होत्या.

"काकू... मी बघायला आलो होतो."

"दिसतंय."

"गाडी गरम आहे."

काकूंनी शाल घट्ट ओढून घेतली.

"कोणी चालू केली होती का?" त्याला हे विचारायलाही लाज वाटत होती, जणू चोरी त्यानेच केली होती.

"चावी माझ्या उशाखाली आहे. मी आत्ता उठले. तुम्ही हात लावून बघितलंत, तुम्हाला कळलं. आता मला काय विचारता?"

तो निघाला. गेटपाशी येऊन एकदा मागे बघितलं. काकू अजून तिथेच होत्या, पण त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या खाली, गाडीकडे बघत होत्या.

सगळ्या रस्त्यात त्याला वाईट वाटत राहिलं. एवढ्या सरळ दिसणाऱ्या बाईने फसवावं. त्यानंतर त्याने दुसऱ्या गाड्या बघितल्या. एकीच्या गालिच्याखाली पुराच्या पाण्याचा गाळ निघाला. एकीचा मालक चावी फिरवताना इतक्या मोठ्याने गप्पा मारायचा की इंजिनाचा आवाजच ऐकू येऊ नये. एक तर बघायला गेल्यावर बंदच पडली आणि मालक म्हणाला, आजच असं झालं. आणि इकडे थंडी वाढत होती. झोपेत मैत्रीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला की सौरभ उठून बसे आणि तो आवाज थांबेपर्यंत स्वतःचा श्वास धरून राही.

शेवटी चेतनच म्हणाला, "चल, मी बघतो ती तुझ्या म्हातारीची गाडी. रोग काय आहे ते तरी कळू दे."

रविवारी दुपारी दोघे गेले. चेतनने गाडी सगळ्या बाजूंनी बघितली. ऑइलची पट्टी काढून बोटावर घासली, वास घेतला. लोहचुंबक घेऊन पत्र्यावर फिरवला. जिथे ठोकून पुट्टी भरलेली असते तिथे तो चिकटत नाही, पण इथे सगळीकडे चिकटला. टायर एकसारखे झिजलेले. मग ते गाडी वारज्यापर्यंत घेऊन गेले. चेतनने मोकळ्या रस्त्यावर क्षणभर स्टीअरिंग सोडून दिलं. गाडी रेघेसारखी सरळ गेली. परत येताना तो गप्प झाला होता. चेतन गप्प होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

"काय झालं?"

"काही नाही, तेच तर. या गाडीला काहीही झालेलं नाही. असल्या गाडीला तापवून ठेवायची गरजच काय? बाई कशाला खोटं बोलेल?"

त्याने मग धंद्यातला उपाय काढला. बॅटरी काढून घ्यायची. बॅटरीशिवाय गाडी ब्रह्मदेव आला तरी चालू होत नाही. संध्याकाळी काढायची, सौरभने मांजरीला न्यायची, पहाटे आणून लावायची. तेव्हा इंजिन थंडगार असणारच. मग खरं काय ते कळेल.

काकूंना विचारायचं काम अर्थातच सौरभवर आलं. तो अडखळत बोलला. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "सांभाळून न्या, अॅसिड सांडलं तर पँट फाटेल." आणि दार लावता लावता म्हणाल्या, "तुम्ही येणार आहात ना पहाटे? म्हणजे... नक्की?"

बॅटरी रात्रभर सौरभच्या घरात, दाराजवळ, पोत्यावर होती. तो दोनदा उठला आणि ती तिथेच आहे हे बघून परत झोपला.

पहाटे दोघे पोचले तेव्हा धुकं होतं. रस्त्यावरच्या दिव्यांखाली ते कापसासारखं तरंगत होतं. पार्किंगमध्ये एक बल्ब जळत होता. चेतनने बॅटरी खांद्यावर घेतली होती आणि तो नेहमीप्रमाणे बोलत होता, "आता बघ, कशी कुरकुर करते..." बोलता बोलता तो थांबला.

ओळीने उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांवर दव होतं. निळ्या गाडीच्या छतावर दव होतं, काचांवर होतं. बॉनेट कोरडं होतं.

"सौऱ्या," चेतन हळू आवाजात म्हणाला, "तू हात लाव."

सौरभने हात ठेवला. त्याला ठेवायच्या आधीच कळलं होतं. हाताला ऊब लागली, आणि त्याच वेळी आतून आवाज आला... टक्... आणि थोड्या वेळाने पुन्हा... टक्...

चेतनने बॅटरी खाली ठेवली. बॉनेट उघडलं. आतून गरम वाफ दोघांच्या तोंडावर आली. बॅटरीची जागा रिकामी होती. दोन वायरी, काल त्यानेच फडक्यात गुंडाळून बाजूला केलेल्या, तशाच होत्या. गाठसुद्धा तशीच.

"मी... गेटपाशी उभा राहतो," चेतन म्हणाला, आणि धावत नाही हे दाखवण्यासाठी जमेल तेवढ्या हळू चालत गेला.

सौरभचे पाय हलले नाहीत. धुकं पार्किंगमध्ये शिरत होतं, पण गाडीजवळ येऊन पातळ होत होतं. कोणीतरी आत्ता, अगदी आत्ता, दार लावून तिथून गेलं आहे असं त्याला वाटलं. जिन्यात पावलं वाजली. सौरभने डोळे मिटले...

"घाबरू नका," काकूंचा आवाज आला. "मीच आहे."

त्या हळूहळू उतरून आल्या, गाडीला टेकून उभ्या राहिल्या, आणि बॉनेटवर असा हात ठेवला, जसा एखाद्याच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात.

"मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

सौरभने मान हलवली. नाही.

"मग. म्हणून म्हटलं, तुमचं तुम्हीच बघा."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. खूप वर्षांपूर्वी एका पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. तेव्हा त्यांच्याकडे दुसरी गाडी होती. श्यामसुंदर, म्हणजे त्यांचे उंचेपुरे यजमान, त्यांना घेऊन खाली आले, आणि थंडीने ती गाडी चालू होईना. ते चावी फिरवत राहिले. शेजारी उठले, गाडी ढकलली, तेव्हा कुठे निघाली. काकू वाचल्या. पण श्यामसुंदरांच्या मनातून ती पहाट गेली नाही. ती गाडी त्यांनी काढून टाकली आणि ही घेतली. तेव्हापासून रोज पहाटे ते खाली येत, गाडी चालू करत, इंजिन नीट तापेपर्यंत तिथे बसत, आणि मग वर येऊन चहा टाकत. सण असो, ताप असो.

"मी म्हणायचे, अहो, आता मी ठणठणीत आहे, पेट्रोल काय फुकट येतं? तर म्हणायचे, तू झोप." काकूंनी शाल सारखी केली. "मागच्या वर्षी गेले. झोपेतच गेले. तेराव्यानंतर पाहुणे निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला गाडीचा आवाज आला. शेजारच्यांना विचारलं, त्यांना काही आला नव्हता. खाली आले तर... हे असं."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"त्यांची कसली भीती? घोरायचे तेव्हा वाटायची." त्या किंचित हसल्या, मग गंभीर झाल्या. "पण मला आता कुठे जायचंय? जिना उतरतानाच दमते. ते एवढे कष्ट घेतात आणि गाडी जागेवर उभी. ज्याला पहाटेची गरज आहे त्याच्याकडे ती जावी. बरेच जण येऊन गेले. एकाला मुलाला शिकवायला हवी होती, म्हणे ठोकली तरी चालेल. एकाला कोकणातून आंबे आणायला. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तुम्ही पोरीचं सांगितलंत."

मग त्या म्हणाल्या, "एकच आहे. गाडी गेली की तेही तिच्याबरोबर जातील. ते मी मनाशी धरलंय. तुम्ही त्याचा विचार करू नका."

चेतन गेटवरून बघत होता आणि हातानेच 'नको, नको' करत होता. सौरभला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या भीतीच्या शेजारी दुसरी एक भीती उभी होती, जास्त जुनी आणि जास्त जवळची. तिचे ओठ निळे होते. दोन्हींकडे एकदा बघून झाल्यावर त्याला निवड करायला फार वेळ लागला नाही.

"काकू," तो म्हणाला, "मी घेतो."

व्यवहार झाला, कागद झाले. न्यायच्या दिवशी काकूंनी डॅशबोर्डवरचा छोटा गणपती ओल्या फडक्याने पुसून पदरात घेतला. "हा माझ्याजवळ राहू दे. तुम्ही तुमचं काय ते ठेवा." गाडी गेटबाहेर पडली तेव्हा त्या आत वळल्या, आणि त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघणार नाही असं ठरवल्यासारख्या भराभर जिना चढून गेल्या.

कात्रजपर्यंत चेतन मागच्या सीटवर, दाराला चिकटून बसला होता. "भावा, भुताची गाडी घेतलीस."

"चालू होते ना?"

"होते रे. पण कोण करतो?"

सौरभने शेफालीला काही सांगितलं नाही. मैत्रीने गाडीचं नाव 'निळी' ठेवलं आणि मागच्या सीटवर आपली बाहुली बसवली. पहिल्या पहाटे सौरभ एकटाच खाली गेला. उसावरून गार वारा येत होता, लांब कुठेतरी रेल्वेचा भोंगा वाजला. त्याने बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं. तो तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की या वेळी छातीतली धडधड वाढण्याऐवजी कमी होत होती. "येतो काका," तो हळूच म्हणाला आणि वर जाऊन झोपला. त्या पहाटेनंतर तो पोरीचा श्वास मोजत बसेनासा झाला.

संक्रांत होऊन गेली. ऊस तुटायला लागला, आणि तुटलेल्या रानांतून उरलेला वाळका पाला, पाचट, पेटवायला लागले. एका पहाटे तो धूर इमारतींमध्ये साचला. खिडकीला सौरभने स्वतःच्या हाताने बसवलेली जाळी होती, पण जाळी डास अडवते, धूर अडवत नाही. शेफालीने त्याला हलवलं तेव्हा तिच्या आवाजावरूनच त्याला कळलं.

"अहो... उठा. औषधाच्या पंपाने काही होईना."

मैत्री बसून होती, दोन्ही हात गादीवर टेकून, खांदे कानांपर्यंत वर. बोलत नव्हती. नुसती बघत होती.

त्याने तिला उचललं. जिन्यात दिवा लागला नाही. खाली इतका धूर होता की गाड्या दिसत नव्हत्या. तो अंदाजाने गेला, आणि अंधारात गालाला एका बाजूने ऊब लागली. तिकडे वळला. दार, सीट, शेफाली मागे, पोर तिच्या मांडीवर. चावी फिरवली.

गाडी लगेच चालू झाली. खोकली नाही, थरथरली नाही. निघायची वाटच बघत असावी तशी तिने पहिल्या क्षणी हीटरची गरम हवा सोडली, आणि काचेवरचा धुरकट थर वितळत गेला.

तो रस्ता त्याला पुढे नीटसा आठवला नाही. शेफालीचा आवाज आठवला, "घेतेय... घेतेय..." पण दिवाळीत त्या आवाजात वारा होता, आता नव्हता. काचा बंद होत्या. हडपसरच्या दवाखान्यात नर्सने पोरीच्या तोंडावर मास्क लावला, यंत्र घरघरू लागलं, आणि थोड्या वेळाने मैत्रीचे खांदे खाली आले. एकेक इंच. सौरभ भिंतीला पाठ लावून ते खांदे बघत होता.

डॉक्टर म्हणाल्या, "ओठांचा रंगसुद्धा बदललेला नाही. वेळेत आणलंत. घरी जाल दुपारपर्यंत."

शेफाली बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मैत्रीने मास्क बाजूला करून विचारलं, "बाबा, आज शाळा बुडणार ना?" आणि उत्तर 'हो' आल्यावर समाधानाने तो परत लावला. नर्स हसली. सौरभही हसला, आणि हसता हसता त्याला बसावं लागलं.

दुपारी ते घरी आले. त्याने गाडी नेहमीच्या जागी लावली, मायलेकींना वर नेलं. दोघी जेवून झोपल्या. मैत्रीच्या छातीतून काही आवाज येत नव्हता. घर इतकं शांत होतं की त्याला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. त्याने काकूंना फोन लावला.

सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, काकांमुळे झालं. तुमचे आणि त्यांचे फार उपकार आहेत."

"पोर बरी आहे ना? मग झालं." काकूंच्या आवाजात कधी नव्हे तो ओलावा होता, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "पण सौरभ, ह्यांना श्रेय कशाला देतोस? ह्यांचा काही संबंध नाही."

"म्हणजे?"

"अरे, मी तुला कळवणारच होते. ते गेलेच नाहीत. गाडी नेलीस त्या रात्री मला झोप नव्हती. पहाटे आवाज आला. खाली गेले. जागा रिकामी, आणि फरशी कोमट. तेव्हापासून रोज तसंच आहे. आजही जाऊन आले, चप्पल काढून उभी राहिले थोडा वेळ. पायांना बरं वाटतं." त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसासारख्या. "तेव्हा तू निर्धास्त राहा. ते माझ्याकडेच आहेत. तुझी गाडी आता साधी गाडी आहे. पहाटे गारच असते ना?"

सौरभने तोंड उघडलं. काकूंचा तो हसरा आवाज अजून कानात होता.

"हो काकू," तो म्हणाला. "गारच असते."

फोन ठेवून तो थोडा वेळ खिडकीत उभा राहिला. मग खाली गेला. ऊन उतरत होतं, पोरं सायकली फिरवत होती, पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. त्याने गाडीचं दार उघडलं आणि आत बसायला गेला, तर त्याला बसताच येईना. गुडघे स्टीअरिंगवर आपटले.

ड्रायव्हरची सीट पार पुढे सरकलेली होती, शेवटच्या खाचेपर्यंत. मधला आरसाही खाली वळलेला होता. दुपारी तो स्वतः गाडी चालवत आला होता. चावी त्याच्या खिशात होती. शेफालीला गाडी येत नाही.

सीट आणि स्टीअरिंगमध्ये जेमतेम एवढीच जागा होती की तिथे एखादं अगदी लहानखुरं माणूस बसू शकेल... पाय टेकवायला पुढे सरकून, मान उंच करून...

त्याचा हात सीटखालच्या दांड्याकडे गेला. त्याने सीट खटकन मागे सरकवली. आरसा वर केला. मग तसाच, एक पाय बाहेर ठेवून, बसून राहिला. वर, तिसऱ्या मजल्यावर, त्याची मुलगी तोंड मिटून नाकाने श्वास घेत झोपली होती.

बऱ्याच वेळाने तो उतरला. वाकून त्याने सीट होती तशी, शेवटच्या खाचेपर्यंत, परत पुढे सरकवली, आरसा खाली वळवला, आणि दार आवाज न करता लावून तो वर गेला.